कडीला कुंभारीण, चौकटीला वाळवी

डोंबिवली, ३१ ऑगस्ट २०२५

चि. संचिता,
अनेक आशीर्वाद.

वर 'सौ.' लिहायला हात गेला होता. पेन हवेत धरून थोडा वेळ नुसती बसले. तुमच्या लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालून घेतलं तेव्हापासून ते अक्षर तुझ्या नावाला चिकटलं आहे. प्रफुल्ल गेला हे डोक्याला कळतं, हाताला अजून कळत नाही.

फोन तू उचलत नाहीस. माझा नाही, तुझ्या सासऱ्यांचा नाही. व्हॉट्सॅपवर माझ्या मेसेजला एकच टिक येते. त्याचा अर्थ मला कळतो गं. बालवाडीची बाई असले तरी आयुष्यभर पोरांचे कावे ओळखण्यातच गेलं. पत्राला टिक नसते, म्हणून पत्र लिहिते आहे. दिव्याचा पत्ता सुदेशने टेम्पोवाल्याला सांगितला तेव्हा मी जिन्यात उभी होते. तुझा भाऊ जरा मोठ्यानेच बोलतो, ते बरं आहे.

बातमी अशी की तुमच्या खोलीत कुंभारीण आली आहे.

तू शहरातली, तुला बहुतेक माहीत नसेल. काळी-पिवळी गांधीलमाशीसारखी असते, कंबर दोऱ्याएवढी. ओल्या मातीची इवलीशी गोळी तोंडात धरून आणते आणि मडकं घडवते. घडवताना गुणगुणते. मी खोली झाडायला गेले आणि गुणगुण ऐकू आली. क्षणभर वाटलं, तू आरशासमोर उभी आहेस आणि वेणी घालताना नेहमीसारखं गाणं म्हणते आहेस. मागे वळले तर कोणी नाही. मग वर बघितलं.

कुठे घर केलं असेल तिने? पाळण्याच्या कडीवर. स्लॅब भरताना यांनी मिस्त्रीकडून छताला ती कडी मुद्दाम बसवून घेतली होती. प्रफुल्ल तेव्हा बारावीला होता. मिस्त्री हसला, तर हे म्हणाले, "आज ना उद्या पालना टांगाचाच हाय." एवढं घर सोडून, एवढ्या भिंती सोडून कुंभारणीला जागा मिळाली ती कडी.

माझी आई सांगायची, कुंभारीण घरात घर करते तेव्हा त्या घरातली बाई पोटुशी असते. ते घर मोडायचं नाही. प्रफुल्लच्या वेळी देव्हाऱ्यामागे केलं होतं. आता या घरात बाई म्हणजे मी एकटी, आणि माझं वय बघता तेवढी अक्कल कुंभारणीलाही असणार. मग ती कोणासाठी आली? खोली तर तुझी आहे.

जूनमध्ये प्रफुल्ल गेला, जुलै सरताना तू माहेरी गेलीस. बायकांचा हिशेब बायकांना कळतो. मी विचारत नाही, फक्त कळवते.

तुझी,
आई

ता. क. सकाळी मळमळत असेल तर सुंठ आणि गूळ एकत्र घोळवून चघळ. सहज लिहिलं.


डोंबिवली, ९ सप्टेंबर

चि. संचिता,
आशीर्वाद.

पत्र मिळालं असणार. नाही म्हणालीस तरी उत्तर असतं, काहीच न म्हणणं हे मला हो वाटतं. म्हणून मी आनंदात आहे असं समज.

तुझे सासरे मात्र आनंदात नाहीत. किंवा आहेत, पण त्यांचा आनंद मला बघवत नाही. आता लिहितेच. कोणाला तरी सांगायला हवं आणि गावात सांगितलं तर उद्या देवऋषी दारात उभा राहील.

मागे आपल्या भाताच्या शेतात टॉवर उठतो आहे, त्याचं मशीन दिवसभर जमिनीत ठोकत असतं. दुपारी एकला मजूर जेवायला बसतात आणि मशीन थांबतं. एकदम कान मोकळे होतात. त्या वेळेला तुमच्या खोलीच्या चौकटीतून आवाज येतो. टक टक टक. नखाने लाकडावर वाजवावं तसा.

ती चौकट तुला ठाऊक आहे. जुनं घर पाडलं तेव्हा यांनी ती सोडवून ठेवली आणि नव्या घरात प्रफुल्लच्या खोलीला बसवली. आपल्या बापाच्या हातची चौकट आपल्या लेकाच्या दाराला, असं त्यांचं म्हणणं. तिच्यावर तुझ्या हळदीच्या हाताचा ठसा आहे. आणि तुला माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे प्रफुल्ल त्याच चौकटीवर नखाने टकटक करायचा. खाडीला ओहोटी लागली की ही बाप-लेकाची खूण. मग दोघं चिंबोऱ्या धरायला पसार. मी ओरडेन म्हणून माझ्यापासून चोरून. आता खाडीचा चिखल पोटऱ्यांपर्यंत माखून घरात शिरायचे आणि म्हणे आईला कळत नाही. मी कळू दिलं नाही, एवढंच.

तर आता हे रोज दुपारी चौकटीशी स्टूल घेऊन बसतात. मशीन थांबलं की बोटाने ठोकतात. आणि संचिता, आतून उत्तर येतं. मी स्वतः ऐकलं आहे. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. हे ठोकतात, थांबतात, आतून टकटक होतं. मग हे त्याच्याशी बोलतात. "भरती हाय आता, बाला. थांब जरा." असलं काहीतरी. चेहरा असा होतो की मी स्वयंपाकघरात निघून जाते.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेलेले बघून मी चौकट नीट पाहिली. खालपासून वरपर्यंत मातीची बारीक रेघ चढली आहे, आणि ती बरोबर तुझ्या हळदीच्या हातावरून गेली आहे. नखाने खरवडली तर आत पांढरे किडे वळवळले. वाळवी! तिची रेघ मी बालवाडीच्या कपाटात हजारदा पाहिली आहे.

यांना सांगितलं. म्हणाले, "वालवी बोलल्याला उत्तर देते काय गे?"

म्हटलं, "अहो, किडा आहे तो. किड्याला काय कळतं?"

"मंग तुझी कुंभारीन कोन हाय? देव? तिला कलतं सूनबाय गरवार हाय, आन माझा पोऱ्या आला तर तो किडा!"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तेव्हापासून मी दोघींकडे बघत असते. दोघीही मातीच आणतात. कुंभारीण एकटी, भर उजेडात, सगळ्या जगाला ऐकू जाईल असं गुणगुणत आणते. वाळवी हजारांनी येते, चालायच्या वाटेवरही छप्पर घालून अंधार करते, तोंड म्हणून दाखवत नाही. एकीला आपण शुभ म्हणतो आणि तिच्यासाठी खिडकी उघडी ठेवतो. दुसरीला अवदसा म्हणून रॉकेल शोधतो. पण तिचीच माती बांधावर वारूळ होऊन उभी राहिली की नागपंचमीला हळद-कुंकू वाहतो. माझं मलाच हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून तुला लिहिलं.

तू कळव. नुसतं 'हो' लिहून पाठव.

आई


डोंबिवली, २२ सप्टेंबर

चि. संचिता,

काल कल्पिता आली होती. माझ्या भावाची मुलगी, कल्याणला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते ती. तुमच्या हळदीला सगळ्यांत जास्त नाचली होती, आठवत असेल. मीच बोलावलं. म्हटलं, यांची समजूत माझ्याकडून पटत नाही, शिकलेल्या पोरीकडून पटेल.

तिने बॅटरी मारून चौकट पाहिली, कान लावला, एकदा ठोकलं. आतून उत्तर आलं. ती घाबरली नाही, उलट खूश झाली. म्हणाली, "काका, हे वाळवीचे शिपाई. बाहेरून धक्का बसला की लाकडावर डोकं आपटतात. बाकीच्यांना कळवतात की धोका आहे, आत पळा."

यांनी स्टूल चौकटीजवळ ओढलं. मग म्हणाले, "डोका आपटतान? कशासाठी?"

"घर वाचवायला."

"मंग झाला तर," असं म्हणून पुन्हा चौकटीकडे तोंड करून बसले. कल्पिताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघ, ही तुझी समजूत.

तिने स्क्रूड्रायव्हर मागितला, चौकटीत टोचला, तर तो बिस्किटात जावा तसा गेला. चौकट नुसत्या रंगाच्या जोरावर उभी आहे म्हणाली. तुमच्या पलंगाच्या पायातही माती दिसते. कपाटालाही लागेल. औषध मारून घेतलंच पाहिजे, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यात पडेल.

मग मी मोठ्या कौतुकाने तिला कुंभारीण दाखवली. मडक्यांची तोंडं आता बंद झाली आहेत. आपल्या भजनातले बुवा सांगतात ते मी तिला सांगितलं, की ही अळी आणून मडक्यात ठेवते, तिच्याभोवती गुणगुणत राहते, आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते. ज्याचा ध्यास घ्यावा ते आपण होतो.

कल्पिता हसली. लहानपणापासून मी तिला गोष्टी सांगते आणि ती त्यातल्या चुका काढते. म्हणाली, "आत्या, अळीचं काही होत नाही गं. कुंभारीण तिला डंख मारते. अळी मरत नाही, पण हलूही शकत नाही. मग हिचं पिल्लू अंड्यातून निघतं आणि ती अळी थोडी थोडी करून खातं."

"जिवंत?"

"जिवंतच हवी. मेली तर कुजेल ना."

मी चहा टाकायला गेले. गॅस पेटवला आणि आधण ठेवायचं विसरले.

तेरावं झाल्यावर तुझं ताट मी खोलीतच आणून द्यायचे. बाहेर बायका काही बोलतील, तुला लागेल, म्हणून दार लोटून घ्यायचे. तुझा फोन माझ्या खोलीत चार्जिंगला असायचा. "कुठे जायचं नाही, काही करायचं नाही, नुसती पडून राहा," म्हणायचे. आणि तुझ्याजवळ बसून प्रफुल्लच्या गोष्टी सांगत राहायचे, त्याच त्याच, बुवांच्या कुंभारणीसारख्या. तू पुढ्यातलं खायचीस आणि भिंतीकडे बघायचीस. हलायची नाहीस. मला वाटायचं, सून किती समजूतदार.

कशाला हे लिहिलं कोणास ठाऊक. तुला आलं असेल मनात, तर तसं नव्हतं. मी तुला जपत होते.

कल्पिताला विचारलं, मग कुंभारीण आली की पाळणा हलतो हे तरी खरं ना? ती म्हणाली, "आत्या, तुला काय उत्तर हवंय?" बघ, शिकलेल्या पोरी सरळ बोलत नाहीत.

आई


डोंबिवली, ५ ऑक्टोबर

चि. संचिता,

औषध मारून घेतलं.

कारण ऐक. तू आलीस तर त्याच खोलीत राहशील. बाळाचा पाळणा त्याच छताला असेल. आणि दाराची चौकट आतून पोकळ? मी आई आहे, आजी होणार आहे. मला जे करणं भाग होतं ते मी केलं.

यांना भाच्याबरोबर कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. गेल्या वर्षापासून चाललं होतं, जायचं जायचं, तो मुहूर्त मी काढला. मागून साईनाथ म्हणून एक मुलगा आला, पाठीवर टाकी, हातात ड्रिल. भिंतीच्या कडेने, चौकटीच्या कडेने भोकं पाडली, औषध भरलं, वर पांढरं सिमेंट लावलं. मी स्टुलावर उभी राहून कडीभोवती तुझी राहिलेली ओढणी धरली होती, वाफ वर जाऊ नये म्हणून. साईनाथ म्हणाला, "काकी, एक किडा मारायला बोलवलात आणि दुसरा वाचवताय. भारी आहात." मी म्हटलं, तू तुझं काम कर रे.

वास अजून आहे.

दुसऱ्या दिवशी एकला मशीन थांबलं. हे स्टूल घेऊन बसले. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धूसर दिसत होतं, म्हणून सिमेंटचे ठिपके दिसले नसावेत. ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं. मग हात फिरवत फिरवत गेले चौकटीवरून आणि एक ठिपका बोटाला लागला, मग दुसरा, मग तिसरा. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"गेला तो," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आता मी कोनाशी बोलू?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, माझ्याशी बोला. बायकोशी बोलायला काय पैसे पडतात? त्यांनी स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं. प्रफुल्ल गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी भाजी, दूध आणि लाइटबिल याशिवाय काही बोललेलो नाही, हे मला त्या वेळी कळलं. ते चौकटीशी बोलत होते, मी तुझ्याशी.

संचिता, मला भीती वाटते. ज्या घरात आवाज होता त्या घराची वाटत नव्हती, आता वाटते. एक वाजला की मी भांडी घासायला काढते, नळ मोठा सोडते. तरी ती शांतता ऐकू येतेच.

लवकर ये.

आई


डोंबिवली, १४ ऑक्टोबर

माझी संचिता,

मडकं उघडलं! आज सकाळी कडीवर बघते तर एका मडक्याला गोल भोक, सुईने कोरावं तसं सुबक. खिडकीच्या काचेवर नवी कुंभारीण बसली होती, ओली, चमकती. मी काच सरकवली. गेली उडून. त्या औषधातूनही वाचली बघ. आता मला कल्पिताने काही सांगू नये आणि कोणीच काही सांगू नये.

देवापुढे साखर ठेवली. माळ्यावरून पाळणा काढवून घेतला, धुतला, उन्हात ठेवला आहे. तुझ्या लग्नातल्या साडीची दुपटी शिवायला घेणार होते, पण तुला विचारल्याशिवाय कात्री लावत नाही. बघ, शहाणी झाले आहे.

हे नुसती पेज घेतात, तीही दोन घोट. अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबतो. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, मनातलं आहे. मला औषध माहीत आहे, ते तुझ्याजवळ आहे. बाळाचं रडणं या घरात ऐकू आलं की हा माणूस उठून बसेल. नाहीतर मला दुसरं काही दिसत नाही. प्रफुल्लपाठोपाठ यांनाही मी त्याच दारातून बाहेर काढायचं का?

मी कधी कोणापुढे पदर पसरला नाही. आता पसरते. एकदा ये. दाखवून जा. मी तुला अडवणार नाही.

तुझी वाट बघणारी,
आई


दिवा, १७ ऑक्टोबर

आई,

नमस्कार.

तुमची सगळी पत्रं मिळाली. पहिलं फाडणार होते, नाही फाडलं.

बाळ नाही, आई.

तुम्ही विचारलंत ते चूक नव्हतं. मला पण वाटलेलं. इकडे आले तेव्हा दिवस वर गेलेले. मी कोणाला बोलले नाही, दादाला नाही, वहिनीला पण नाही. झोपताना पोटावर हात ठेवून झोपायचे. त्याचं काहीतरी माझ्याकडे राहिलंय असं वाटायचं. मग एकदा पाण्याचा टँकर आलेला, मी खाली रांगेत होते, दोन्ही हातात कळशा. तिथेच कळलं. रांग सोडली असती तर पाणी गेलं असतं. म्हणून उभी राहिले. नंबर आल्यावर पाणी भरलं, वर आले, मग रडले. तुमची पहिली चिठ्ठी त्याच्यानंतर आली. त्यात सुंठ आणि गूळ.

म्हणून उत्तर नाही दिलं. 'नाही' लिहायला हात उठला नाही.

मी ठाण्यात, नौपाड्यात एका दाताच्या दवाखान्यात लागलेय, रिसेप्शनला. फोन घ्यायचा, नावं लिहायची. लोक दात दुखतोय म्हणून येतात, बरे होऊन जातात. बरं वाटतं.

तुम्ही ताटाचं लिहिलंत. आई, तुम्ही वाईट नव्हता. तुम्ही वाईट असता तर सोपं झालं असतं. मी तिकडे आले ना, तर तुम्ही मला त्याच खोलीत ठेवाल, आणि मी राहीन. मला तुमची भीती नाही वाटत, मी तशीच राहीन, याची वाटते.

मला बोलवू नका. बाबांना सांभाळा. त्यांना सांगा, चिंबोऱ्यांची खूण मला माहीत होती. तो उठायचा तेव्हा मी जागीच असायचे. मी पण कळू दिलं नाही.

संचिता


डोंबिवली, २७ ऑक्टोबर

संचिता,

आज वर काही लिहिलं नाही, नुसतं तुझं नाव. ते पुरेसं आहे.

तुझं पत्र दिवाळीच्या तोंडावर मिळालं. या वर्षी आपल्याकडे कंदील नव्हता, त्यामुळे काही उतरवायचं नव्हतं. मी कागद घेऊन तुमच्या खोलीत गेले, स्टुलावर चढले आणि त्या भोकाला डोळा लावला. आत काय असेल असं मला वाटलं होतं कोणास ठाऊक. एक काळं, वाळकं साल होतं, अळीचं. बाकी मडकं रिकामं. कुंभारणीने मला काही सांगितलं नव्हतं. ती तिच्या लेकरासाठी आली होती. मीच तिच्या गुणगुणण्यात शब्द घातले. हे जसे त्या टकटकीत घालत होते.

मी तुझ्यासाठी रडले. कळशा घेऊन उभी असलेली तू दिसत राहिलीस. त्या वेळी तुझ्या हातातली एक कळशी तरी मी धरायला हवी होती, असं वाटलं. मग प्रफुल्लसाठी रडले. जूनपासून माझं रडणं राहून गेलं होतं, तुला जपण्याच्या आणि बाळाची वाट बघण्याच्या गडबडीत. आता तो पुरता गेला.

पाळणा पुसून माळ्यावर ठेवला. हे जिन्याखाली बसले होते, त्यांनी पाळणा वर जाताना पाहिला. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. चिंबोऱ्यांचं तेवढं सांगितलं, तर डोळे मिटून म्हणाले, "सगल्यांना ठावं व्हता तर आमी चोरी कोनाशी करत व्हतो?" त्या दिवसांतलं त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य तेच.

तुला बोलावणार नाही. हे शब्द लिहायला तीन कागद फाडले, तेव्हा ते खरे समज. कुंभारीण काच सरकवल्यावर गेली, मागे वळली नाही, आणि मला त्याचा राग आला नव्हता. दवाखान्यात मन लावून काम कर. कोणी चांगला माणूस भेटला तर आमच्याकडे बघून थांबू नकोस. ओढणी धुऊन ठेवली आहे, औषधाचा वास गेला. कल्पिता ठाण्याला जाईल तेव्हा दवाखान्यात आणून देईल. घ्यायची नसेल तर तिच्याकडेच राहू दे.

आता शेवटचं सांगते आणि थांबते.

यांचं जेवण सुटलेलंच होतं. परवा दुपारी मशीन थांबलं, मी भांडी घासायला काढली नाहीत. ताट झाकून ठेवलं होतं. हे खोलीत, चौकटीच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसलेले. बसायची सवय राहिली आहे. मी बाहेरच्या बाजूला, भिंतीआड उभी होते. त्यांनी ठोकलं. उत्तराची आशा सोडून, नुसतं हाताला चाळा म्हणून. आणि माझा हात आपोआप वर गेला. तुझ्या हळदीच्या ठशाशेजारी मी नखाने वाजवलं, टक टक टक.

आत स्टूल करकरलं. मग त्यांनी पुन्हा ठोकलं. मी पुन्हा वाजवलं.

वाळवीला नावं ठेवली, आणि आता बघ, तिचंच काम अंगावर घेतलं. लाकूड आतून पोकळ आहे, त्यामुळे आवाज चांगला येतो. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. काल पाऊण. मी मनात म्हटलं, फसवते आहे तर फसवते आहे. माणूस जगला पाहिजे.

आज मशीन थांबलं. ते बसले, मी उभी राहिले. त्यांनी ठोकलं, मी वाजवलं. बराच वेळ चाललं. मला वाटलं नख तुटेल, पण ते थांबत नव्हते म्हणून मीही थांबले नाही. मग ते थांबले. आतून त्यांचा आवाज आला. चौकटीशी बोलायचे ना, तसाच, हळू.

"पुरं कर रे बाला आता. तुजे आयशीची बोटा दुखतील."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही, कधी विचारणारही नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले. आंधळ्यासारखे चाचपडत नाही, सरळ आले. माझ्याशेजारी जमिनीवर बसले, माझा हात घेतला आणि बोटं एकेक करून चोळली. लग्नानंतर एकदा माझ्या हाताला चिंबोरी चावली होती तेव्हा चोळली होती, तशी.

"जेवाला वाढ गे," म्हणाले. "दोघांचा."

मी उठले आणि दोन ताटं घेतली.

सगुणा